डबा बसवताना

"दोरी मनगटाला गुंडाळू नका, वहिनी!" मिस्त्री ओरडला. "डबा फिरला तर तुम्हाला घेऊन फिरेल."

तिने वेढा सोडला आणि दोरी नुसती मुठीत धरली. वर, क्रेनच्या आकड्याला चार पट्ट्यांत लटकलेला पत्र्याचा डबा सावकाश गिरकी घेत होता. दार, मग खिडकी, मग कोरी बाजू, मग पुन्हा दार. खाली ट्रक उभा होता. त्याचा मागचा हौदा काढून टाकलेला, केबिनच्या मागे चासीचा नुसता लोखंडी सांगाडा उघडा पडलेला. इतकी वर्षं हा ट्रक तिने गल्लीच्या तोंडाशी उभा पाहिला होता, पण असा अंगावरचे कपडे उतरवून उभा असलेला पहिल्यांदाच. त्याच्याकडे टक लावून बघणं तिला उगीचच बरं वाटेना.

नवरा चासीशेजारी गुडघे टेकून बसला होता. जाड रबराच्या पट्ट्या तो लोखंडावर ठेवत होता, हाताने दाबून पाहत होता, पुन्हा उचलून सरळ करत होता. त्याच्या टकलावर लोखंडाचा चुरा चमकत होता. निवृत्त झाल्यापासून एवढं खूश तिने त्याला पाहिलंच नव्हतं, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

तिला आज एक वाक्य बोलायचं होतं. मी येणार नाही. एवढंसं वाक्य, पण गेले कित्येक महिने ते तिच्या ओठांपर्यंत येत होतं आणि उंबरठ्यावरून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखं मागे वळत होतं. नवरा ज्याच्याकडे ड्रायव्हर होता त्या मालकाने जुना ट्रक त्यालाच देऊन टाकला, त्या दिवशी जेवताना तो मान वर न करता म्हणाला होता, "यावर एक खोली बसवून घेऊ. मग काय, आपण दोघं. रस्ता नेईल तिकडे." तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला होता. त्याने तो होकार समजून पिऊन टाकला. तिथपासून तो रोज या वर्कशॉपात यायचा आणि संध्याकाळी हातभर ग्रीस घेऊन घरी परतायचा. परवा निघायचं ठरलं होतं. म्हणजे बोलायचं तर आज. डबा एकदा बसला, बोल्ट आवळले गेले, की बोलून काय उपयोग? वरातीमागून घोडं.

"खाली घ्या, मेहुणे! सावकाश! सावकाश म्हणतोय ना!"

क्रेनवर मिस्त्रीच्या बायकोचा भाऊ बसला होता. दोघांचं दिवसभर असंच चालायचं. मिस्त्री ओरडायचा, मेहुणा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, आणि काम मात्र केसभरही न चुकता व्हायचं.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" मेहुणा वरून ओरडला. "काकू, आता भाडं नको, शेजारी नको. शेजारी आवडला नाही की किल्ली फिरवायची!"

ती हसली. हसायला काही लागत नाही. दोरी ओढून तिने डब्याचं दार उजव्या अंगाला आणलं, मिस्त्रीने हात वर करून थांबवलं, आणि डबा एक जड उसासा टाकून रबरावर टेकला. सगळा ट्रक खालच्या स्प्रिंगांवर जरासा बसला आणि पुन्हा वर आला.

नवरा या ऐवजाला घर म्हणायचा. मिस्त्री डबा म्हणायचा. ती काहीच म्हणायची नाही. लेकीने फोनवर विचारलं, की ती सांगायची, "ते चाललंय त्यांचं."

मिस्त्री टॉर्च घेऊन चासीखाली शिरला, त्याच्यामागून नवरा. तिला दोघांचे नुसते पाय दिसत होते.

"या मागच्या कोपऱ्यात फट आहे," नवऱ्याचा आवाज आला. "पॅकिंग मार आणि कसून टाक."

"मागचे बोल्ट कसायचे नाहीत, दादा. पुढचे दोन घट्ट. मागे स्प्रिंगा."

"जन्मभर माल लादला मी. बांधलेली वस्तू हलता कामा नये."

"माल हलता कामा नये. डबा हलला पाहिजे." मिस्त्री बाहेर आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "खड्ड्यात एक चाक गेलं की चासी पिळते. तिला पिळायची सवय आहे. डब्याला नाही. चारी कोपऱ्यांत आवळलात तर चासी वळेल आणि डबा फाटेल. पहिली दाराची चौकट उचकटते. मग दार लागत नाही."

"तू कधी ट्रक चालवलायस?"

"नाही. पण फाटलेले डबे पुष्कळ जोडलेत."

नवरा कुरकुरला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं, पण डब्याखाली उताणं पडून वाद घालणं अवघडच. तो बाहेर आला, तिच्याकडे बघून डोळे मिचकावले, जणू मिस्त्रीवर त्यानेच उपकार केले.

"काय, कसं दिसतंय?" त्याने तिला विचारलं.

"उंच," ती म्हणाली.

"उंच नाही दिसत! आसाच्या पुढे वजन पाडलंय. मागे वजन गेलं तर पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग हाताला लागत नाही. पाण्याची टाकी पण म्हणूनच..." टाकी कुठे, बॅटरी कुठे, गॅस कुठे, ते तो सांगत राहिला. आपल्याला यातलं काही कळत नाही हे त्याला माहीत आहे, तरी तो सांगतोय, हे तिच्या लक्षात आलं. तिला दमल्यासारखं झालं. हल्ली तिला उभ्याउभ्या दमायला व्हायचं. गल्लीत सगळे तिला ड्रायव्हरीणबाई म्हणायचे. स्टिअरिंगला तिने कधी हात लावला नव्हता, पण एवढ्या वर्षांचा सगळा प्रवास जणू तिच्याच पाठीत येऊन साचला होता.

चहा आला. जुन्या टायरांची चळत होती, तिच्यावर दोघं टेकली. मिस्त्री आणि मेहुणा पलीकडे पट्टे सोडवत कुठल्याशा लग्नातल्या मानापमानावरून एकमेकांचे जुने हिशेब काढत होते. आता बोलावं, असं तिला वाटलं. यापेक्षा निवांत वेळ मिळायची नाही.

"अहो, मला जरा बोलायचं होतं."

"सामान आणलंस ना?" तो म्हणाला. "सामान आत ठेवल्याशिवाय मिस्त्री मागच्या स्प्रिंगा लावत नाही. वजन पडल्यावर बघायचं असतं किती बसतंय ते."

"आणलंय. रिक्षातून उतरवून तिथे ठेवलंय."

"एवढंच?"

भिंतीपाशी दोन गाठोडी आणि एक पत्र्याची पेटी होती. गाठोड्यांत त्याचे कपडे, त्याची घोंगडी, त्याची औषधं. पेटीत भांडी. तिचं असं त्यात काहीच नव्हतं. सकाळी ती आपली एक साडी घडी घालून त्यात ठेवायला गेली होती आणि पुन्हा काढून कपाटात ठेवली होती. खोटं बोलायचं तर निदान साडीने तरी बोलू नये.

"थोडकंच बरं," तो म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं. चहाचा कप त्याने दोन्ही हातांत धरला. "तू काहीच पाहिलं नाहीस गं. मी एवढी मुलूखगिरी केली आणि तू त्या घरात. एक नदी आहे, तिच्या पुलाखाली गाडी लावता येते. सकाळी एवढं धुकं, की आपलं बोनेट आपल्याला दिसत नाही. मला नेहमी वाटायचं, हिला दाखवलं पाहिजे."

काहीच पाहिलं नाहीस. हे मात्र तिला बोचलं. गळकं छप्पर तिने पाहिलं होतं, तेही खाटेवर खुर्ची आणि खुर्चीवर स्टूल चढवून. पोराचं तापातलं बरळणं पाहिलं होतं. सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या पाठीवरची एक एक जखम तिने पाहिली होती. आता सासू गेली, पोरं आपापल्या घरी सुखात होती, घर रिकामं झालं होतं. येणारे-जाणारे म्हणायचे, अगं बाई, घर खायला उठत असेल. घर तिला खात वगैरे नव्हतं. उलट, दुपारी दार लावून घेतलं की घर तिच्या शेजारी येऊन निमूट बसायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते आवडायला लागलं होतं, आणि नेमकं तेव्हाच हा माणूस ते दार बाहेरून कुलूप लावून बंद करायला निघाला होता.

पण बोनेटवरच्या धुक्याबद्दल बोलणाऱ्या माणसाला असं कसं सांगायचं? चहा संपला.

"वहिनी, सामान आत लावून घ्या," मिस्त्रीने हाक मारली. "जड खाली, हलकं वर. आणि जमेल तेवढं पुढच्या भिंतीकडे."

डब्याच्या आत ती आजवर गेलेली नव्हती. नवऱ्याने किती वेळा बोलावलं, पण दर वेळी तिला काहीतरी काम निघायचं. आता गाठोडं छातीशी धरून लोखंडी पायऱ्या चढताना तिच्या गुडघ्यांनी कुरकुर केली. आत ओल्या रंगाचा आणि प्लायवूडचा वास होता. काम स्वच्छ होतं, हे तिला कबूल करावंच लागलं. डाव्या हाताला शेगडीचा ओटा, त्याखाली कप्पे, कप्प्यांना चालत्या गाडीत उघडू नयेत म्हणून छोट्या खिट्ट्या. खिडकीला जाळी. आणि आडव्या भिंतीला लागून एक पलंग.

एक.

तिने गाठोडं खाली ठेवलं. पलंगावर वीत टाकून रुंदी मोजली. मग वर पाहिलं, कुठे दुसरा वरून उघडायचा असेल म्हणून. वर कोरा पत्रा होता. खाली पाहिलं. खाली पाण्याची टाकी होती. मग तिने कप्पे उघडून पाहिले, जणू दुसरा पलंग कुणी घडी घालून कपबशांच्या जागी ठेवला असेल.

पहिल्यांदा तिला एवढं हलकं वाटलं, की ती त्या पलंगावर बसलीच. सुटले. आपण उगीचच महिनोन्‌महिने जीव टांगणीला लावला. यांच्या मनात आपल्याला न्यायचंच नाही. सांगायचीही गरज उरली नाही. निघतील एकटे, करतील फोन. इतकी वर्षं केला तसा. आणि मग, हलकं वाटणं पुरतं संपायच्या आतच, तिला संताप आला. लग्नाला जायचं तर नसतंच, पण पत्रिका आली नाही म्हणून माणूस आठवडाभर धुमसतो, तसा. मग ते आपण दोघं काय होतं? ती नदी कुणासाठी? सासूचं केलं, पोरांचं केलं, आणि आता जायची वेळ आली तर हा माणूस एका अंगाचा पलंग करून मोकळा!

ती पेटी आणायला खाली उतरली, पण पेटीकडे गेली नाही. नवरा पाना घेऊन पुढचा बोल्ट आवळत होता, तिथे जाऊन उभी राहिली.

"पलंग एकच आहे," ती म्हणाली.

"हो." त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू होतं. "पाहिलास? लांबीला पुरा घेतलाय. पाय मुडपायला नकोत. गादी मऊ घेतली, तुझ्या कमरेसाठी. मिस्त्री म्हणत होता साधी घ्या."

"माझ्या?"

"मग कुणाच्या?"

"आणि तुम्ही?"

"मी चालवत असेन ना."

"आणि गाडी उभी असेल तेव्हा?"

"तेव्हा मी झोपेन," तो म्हणाला. यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा होता. "तू बसशील जागी."

क्रेनवर मेहुणा फस्सकन हसला. मिस्त्री हसला नाही. हातातलं फडकं त्याने खांद्यावर टाकलं.

"मी विचारलं होतं, दादा. आठवतं? दुसरा बर्थ काढू का म्हणून. तुम्ही म्हणालात, कशाला."

"कशालाच!" नवरा उठून उभा राहिला. आता त्याला सगळे मिळून आपल्यावर उलटलेत असं वाटायला लागलं होतं. "ट्रकात दोघांना दोन बर्थ कधी असतात? एक झोपला की दुसरा जागा. दोघं झोपले आणि डिझेल काढून नेलं तर? ताडपत्री कापली तर? माझ्याबरोबरचा एक जण झोपला होता, उठला तर चारी चाकं गायब, गाडी विटांवर. मला एकदा तरी असं झालं का? विचार कुणालाही. मी गाडीत असताना कुणीतरी एक जागाच असायचा."

"यात कुठला माल आहे, दादा?" मिस्त्री हळूच म्हणाला. "आत तुम्ही दोघंच."

नवऱ्याने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. एकदम तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस खोटं बोलत नाही आणि तिला टाळतही नाही. त्याने खरोखर तिच्यासाठी पलंग बांधला, मऊ गादी घातली, लांबी पुरी घेतली, आणि दोन माणसं एका वेळी झोपतात ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नाही. आणि कुठून येणार? ती स्वतः आठवून पाहायला लागली. तो रात्री रस्त्यावर असायचा, तेव्हा फोन उशाशी ठेवून ती जागी असायची. तो पहाटे येऊन दिवसभर झोपायचा, तेव्हा ती पोरांच्या तोंडावर हात ठेवून घर गप्प ठेवायची. मग सासूचं दुखणं. ते संपलं आणि हा निवृत्त होऊन घरी आला, तर आता रात्री दोनदोनदा उठून खिडकीतून ट्रक बघून येतो, दाराची कडी चाचपतो, पायरीवर जाऊन बसतो. तिला वाटायचं, याला रस्त्याची आठवण येते. तो उठला की तिचे डोळे उघडायचे, आणि तो परत येऊन घोरायला लागला की मग तिचा डोळा लागायचा. एकाच वेळी दोघं गाढ झोपलो, अशी एक रात्र तिने शोधली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांपर्यंत मागे गेली. सापडली नाही.

तिचा राग कुठे गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. उरला तो शीणच, पण तो आता एकटीचा वाटेना.

"मी आज तुम्हाला सांगायला आले होते," ती म्हणाली, "की मी येणार नाही."

पाना त्याच्या हातात तसाच राहिला.

"कुठे?"

"तुमच्याबरोबर. या गाडीतून. मला नाही जायचं कुठे. मी दमलेय हो."

मिस्त्री फडकं घेऊन उगीचच ट्रकच्या पलीकडच्या अंगाला गेला. मेहुण्याने क्रेनचं इंजिन बंद केलं, त्यामुळे सगळं आणखीच ऐकू यायला लागलं.

"हे कधी ठरवलंस?"

"तुम्ही पहिल्यांदा बोललात तेव्हाच."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही खूश होतात."

तो डब्याकडे बघत राहिला. दार, खिडकी, पायऱ्या. मग त्याने खिशातून रुमाल काढून टक्कल पुसलं, आणि लोखंडाचा चुरा आणखीच पसरला. तो चिडला असता तरी चाललं असतं. पण त्याचे खांदे उतरले आणि तो तिला एकदम म्हातारा दिसला. रात्री पायरीवर बसलेला दिसतो तसा.

"मिस्त्री," ती ट्रकच्या पलीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "दुसरा पलंग बसेल का आत?"

मिस्त्री बोनेटवरून डोकावला. आधी तिच्याकडे, मग नवऱ्याकडे. "बसेल. वर घडीचा करता येईल. पण वर वजन गेलं की डबा डोलतो. टाकी खालून पुढे सरकवावी लागेल, आणि तिचे बोल्ट डब्याच्या तळाला आहेत, म्हणजे डबा पुन्हा उचलावा लागेल."

"घ्या!" मेहुणा म्हणाला. "आत्ता तर पट्टे गुंडाळून ठेवले."

"पण तू तर म्हणालीस, येणार नाही," नवरा म्हणाला.

"ते नंतर बघू. यायचं की नाही ते माझं मी ठरवेन. पण एका पलंगाच्या घरात मी पाय ठेवणार नाही. तुम्ही एकटे गेलात तरी दोन हवेत."

"अगं, पण मग जागं कोण राहणार?"

त्यात चेष्टा नव्हती. तो खरंच विचारत होता. उत्तरासाठी त्याने तिच्या तोंडाकडे असं बघितलं, जसं नव्या रस्त्यावर अनोळखी माणसाला थांबवून वाट विचारताना बघतात.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

त्याने फाटकाकडे नजर टाकली, मग मागच्या चाकांकडे, मग डिझेलच्या टाकीकडे. सगळं जागच्या जागी होतं.

"रात्रभर?"

"रात्रभर."

मिस्त्रीने मेहुण्याला पट्टे परत आणायला सांगितले.